जुनी जीप अथवा फियाट विकत घेण्यापूर्वीची पाहणी

हल्ली आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुखवस्तू बागाइतदारांमध्ये एक नवी हौस वाढत चाललेली दिसते. कोणाच्या तरी गोठ्यात अथवा वाड्याच्या परसात वर्षानुवर्षे पडून असलेली जुनी मोटार विकत घ्यावी, मिस्त्रीकडून ती पूर्ववत करवून घ्यावी, आणि लग्नकार्यास किंवा पोळ्याच्या दिवशी दारापुढे उभी करावी, अशी ती हौस होय. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या जीपमधून वडील मोंढ्यावर जात, तिच्याविषयी मुलास ममत्व वाटावे हे साहजिकच आहे. परंतु ह्या ममत्वापायी कपाशीचा किंवा उसाचा एका हंगामाचा सगळा पैसा गंजलेल्या सांगाड्यात गेल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. सबब चार गोष्टी लिहिणे आम्हांस अवश्य वाटले.

आम्ही मिस्त्री नव्हे. आमची हयात महसूल खात्याच्या कचेरीत दप्तरे चाळण्यात गेली. तथापि जमीन घेताना जे दोन प्रश्न प्रथम विचारावे लागतात, तेच जुनी मोटार घेतानाही विचारावे लागतात असे आमच्या ध्यानात आले आहे. हक्क कोणाचा, आणि खालची माती कशी? इंजिन हे उभ्या पिकासारखे आहे. ते बुडाले तर खर्च करून पुन्हा घेता येते. चेसिस आणि पत्रा ही जमीन होय, आणि नोंदणीचे पुस्तक हा तिचा सातबारा. असे असता बहुतेक गिऱ्हाईक गाडीपाशी जाताच बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकते आणि डोलू लागते. म्हणजे पीक पाहून जमिनीचा सौदा करते.

आपल्याकडे मिळणाऱ्या जुन्या गाड्या मुख्यत्वे दोन जातींच्या. पहिली जीप. १९४५ साली स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र ह्या नावाने चालणाऱ्या कंपनीने विलीज जातीची जीप प्रथम सुटे भाग आणून मुंबईस जोडली आणि पुढे ती येथेच तयार केली. उंच बॉनेटची जी जीप आपल्या पिढीने गावोगाव पाहिली, तिचे बॉनेट उंच असण्याचे कारण आतील पेट्रोल इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंचीने अधिक होते, हेच होय. पुढे ट्रॅक्टरच्या घराण्यातील इंटरनॅशनल डिझेल इंजिन आणि त्यानंतर प्यूजो जातीचे डिझेल इंजिन जीपमध्ये आले. दुसरी जात फियाटची. वालचंदनगर व रावळगाव ह्यांमुळे ज्यांचे नाव ऊसवाल्यांस ठाऊक आहे, त्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी होत असे. ज्या जुन्या फियाटचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत, तिला लोक डुक्कर फियाट म्हणत. १९६४ पासून ‘डिलाइट’ आली, आणि तिचेच नाव १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, आणि जुन्या गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर.

ह्या दोहोंत एक मूलभूत भेद आहे आणि सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे. जीपला बैलगाडीच्या साटीसारखी स्वतंत्र चेसिस असते. वरचा डबा बोल्टांनी बसवलेला असल्यामुळे तो सडला तरी उतरवून नवा करवून घेता येतो. फियाटला अशी निराळी चेसिस नाही. तळ, उंबरठे, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. तेव्हा जीपचा तळ गंजला तर डबा गेला, आणि फियाटचा तळ गंजला तर गाडीच गेली असे समजावे.

प्रथम कागद. गाडी पाहावयास जाण्यापूर्वीच मालकाकडून नोंदणी पुस्तकाची नक्कल मागवावी आणि घरी बसून वाचावी. देण्यास मालक टाळाटाळ करील, तर तेथेच थांबलेले बरे. पुस्तकातील नाव आणि विकणाऱ्याचे नाव एक आहे काय? बहुधा नसते. नोंद वडिलांच्या किंवा चुलत्याच्या नावे असते, ते वारलेले असतात, आणि जमिनीचा फेरफार करून घेणाऱ्या ह्याच मंडळींनी गाडीवर वारसाचे नाव लावण्याचे कष्ट घेतलेले नसतात. अशा वेळी आधी नमुना ३१ प्रमाणे गाडी वारसाच्या नावे करून घ्यावी लागते, आणि मग नमुना २९ व ३० वर ती आपल्या नावे होते. वारस तीन असून सही एकाचीच असेल, तर पुढे काय होते हे शेतकरी वाचकांस आम्ही सांगावयास नको. पुस्तकावर बँकेचा वा सोसायटीचा बोजा असल्यास कर्ज कधीच फिटले ह्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये. बँकेचे पत्र व नमुना ३५ हातात घ्यावा. गाडी दुसऱ्या राज्यातील असल्यास मूळ कार्यालयाचा नमुना २८ चा ना-हरकत दाखला पाहिजे.

१९८९ पूर्वीचे क्रमांक आजच्या ‘एमएच २०’ ह्या धर्तीचे नसत, त्यामुळे जुना क्रमांक पाहून बिचकण्याचे कारण नाही. मात्र हस्तलिखित नोंदवहीतील कित्येक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेली नसते. आपल्या गाडीची चढली आहे किंवा नाही, नोंदणी रद्द तर झालेली नाही, आणि कर किती थकला आहे, ह्या तिन्ही गोष्टी ज्या कार्यालयात ती गाडी नोंदली आहे त्या परिवहन कार्यालयात विचारून घ्याव्यात. खासगी मोटारीची नोंदणी आरंभी १५ वर्षांची आणि पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नवी होते. थकलेला कर, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर ह्यांची बेरीज पुष्कळदा गाडीच्या मागितलेल्या किमतीच्या जवळ जाते. ती आकडेमोड सौद्याआधी करावी.

ह्यानंतर क्रमांकांची पडताळणी. पुस्तकातील चेसिस क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकाशी एकेक अंक करून ताडून पाहावा. रंग चढला असल्यास रॉकेलच्या बोळ्याने पुसावे आणि वर कागद ठेवून पेन्सिल घासावी, ठसा उमटतो. अंकांची उंची लहानमोठी असेल, किंवा भोवताली कानस फिरवल्याच्या खुणा असतील, तर चहा घेऊन परत यावे. विलीज जातीच्या पेट्रोल इंजिनाचा क्रमांक पुढच्या अंगास, पाण्याच्या पंपालगतच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो.

इंजिनाच्या क्रमांकाचा आग्रह आम्ही का धरतो ते सांगतो. आमच्या परिचयाच्या एका बागाइतदारांनी मोठ्या हौसेने एक जीप घेतली. रंग उत्तम, टायर नवे, चावी फिरवताच गाडी सुरू. पुस्तकात इंधन पेट्रोल लिहिलेले होते, आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन. कोणे एके काळी डिझेल स्वस्त म्हणून कोणी तरी इंजिन बदलले होते. परवानगी घेतलेली नव्हती, नव्या इंजिनाची पावती नव्हती, आणि मूळ इंजिन भंगारात गेलेले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीवाचून करता येत नाही. तेव्हा नूतनीकरण होणार कसे? सुपीक जमीन घेतली आणि वहिवाटीस रस्ताच नाही, अशी त्यांची गत झाली. ती जीप शेडमध्ये उभी आहे. तिच्या छतावर कोंबड्या बसतात. आपल्या भागात जीपच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा आहे असे आमचे मत आहे.

ज्यांस गाडी केवळ ठेवणीची म्हणून हवी, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निराळे नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापराची, आणि चेसिस, डबा वा इंजिन ह्यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नियमांत नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवले आहे आणि मुदत १० वर्षांची. पण अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज मळ्यावर जाण्याचा विचार असेल त्याने ह्या वाटेस जाऊ नये, साधी नोंदणीच नवी करून घ्यावी.

आता प्रत्यक्ष गाडीकडे जाऊ. सकाळच्या उजेडात जावे. दिवे लागल्यावर किंवा पावसात ओला पत्रा सगळाच चकाकतो. आधी निरोप द्यावा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये. बरोबर एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून, बॅटरी, पेचकस, जॅक, अंथरावयास पोते, सुतळी, ओळंबा, खडू आणि मापाची फीत घ्यावी. पोते अशासाठी की गाडीखाली आडवे झाल्यावाचून तपासणी होत नाही. परीटघडीचे कपडे घालून गाडी पाहावयास गेलेला माणूस फसल्यावाचून राहत नाही.

नव्या रंगावर विश्वास ठेवू नये. नुकताच दिलेला रंग पाहून आम्हांस उलट अधिक शंका येते. गंजलेल्या भोकात लांबी भरून, घासून, वर रंग दिला की पत्रा आरशासारखा दिसतो. लोहचुंबक दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि दिव्यांभोवतालचा भाग ह्यांवरून फिरवावे. पत्र्यावर ते ओढ घेते. जाड लांबीवर सैल पडते. बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात तसे पत्र्यावर टिचकी मारून पाहावे. जेथे आवाज बद्द येतो, तेथे लोखंड नव्हे, लांबी आहे.

फियाटचे रबरी पायपोस उचलून तळ पाहावा, कारण त्याखाली मुरलेले पाणी वर्षानुवर्षे सुकत नाही. बॅटरीची बैठक, डिकीचा तळ, मागील पाटे जेथे सांगाड्यास अडकतात ती जागा, जॅक लावण्याच्या जागा, आणि दरवाज्याखालचे दोन्ही उंबरठे ही मर्मस्थाने होत. मालकाची परवानगी घेऊन पेचकसाचे टोक तेथे दाबावे. चांगल्या पत्र्यावर ओरखडासुद्धा उठत नाही. सडलेल्यात टोक आत जाते. मग आणखी एक परीक्षा करावी. दरवाजा लावून त्याच्या कडेची फट पाहावी, जॅकने ती बाजू उचलावी, आणि फट पुन्हा पाहावी. वरची फट बदलली किंवा दरवाजा अडकू लागला, तर सांगाडा मधोमध मऊ पडला आहे. अशी गाडी इंजिन कितीही गोड वाजले तरी घेऊ नये. तिला उभी करण्यास जो पत्रा व वेल्डिंग लागते, त्याचा अंदाज काम उघडल्यावाचून कोणताही प्रामाणिक कारागीर देऊ शकत नाही.

फियाटच्या बाबतीत आणखी एक पाहावे. दरवाज्याचे रबर उचलून खालचा मूळ रंग पाहावा. काळा व पिवळा निघाला तर ती मुंबईची टॅक्सी होती असे समजावे. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तेथील टॅक्सीचे मीटर पुढे डाव्या अंगास बाहेर बसवीत, त्याची भोके बुजवल्याच्या खुणाही राहतात. टॅक्सी म्हणजे वाईटच असे नव्हे. पण ती भाड्याच्या वाहनाच्या नोंदीची, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत रात्रंदिवस राबलेली. मुंबई वा कोकणातील गाडी आतून गंजते. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेतील गाडीचा पत्रा त्या मानाने टिकतो, मात्र रबर, गाद्या आणि तारा उन्हाने व उंदरांनी गेलेल्या असतात. दोहोंपैकी एक निवडावयाची झाल्यास आम्ही उंदरांनी खाल्लेली निवडू.

परंतु कोरड्या मुलखातील गाडीसही एक शत्रू आहे आणि तो आपण स्वतःच होय. जीपच्या मागच्या भागात युरिया, पोटॅश आणि अमोनियम सल्फेट ह्यांच्या गोण्या वाहिलेल्या असतात. सांडलेले खत हवेतील ओल ओढून घेते आणि लोखंड झपाट्याने खाते. पोटॅशमधील क्षार तर मिठाचाच भाऊ. तळाच्या पन्हळीत आणि चेसिसच्या पोकळ पट्टीत शिरलेले खत पुढे धुतले तरी निघत नाही. म्हणून जीप कोठे उभी होती आणि काय वाहत होती, हे मालकापेक्षा जुन्या सालगड्यास विचारावे. गोठ्यातील मुताची ओल, मातीच्या जमिनीतून वर येणारा दमटपणा आणि खताचे गोदाम, ह्या तिन्ही जागा गाडीस सारख्याच वाईट. फरशीवर व छपराखाली उभी असलेली गाडी चार पैसे अधिक देऊनही घ्यावी.

जीपच्या चेसिसमध्ये दोन दोष पाहावयाचे: तडा आणि वाक. तडे बहुधा स्टिअरिंगचा डबा जेथे बसतो तेथे, आणि पाट्यांच्या टोकांशी पडतात. चिखल खरवडून, फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात पाहावे. वरून पट्टी ठेवून वेल्डिंग केलेले आढळल्यास ती का ठेवली हे विचारावे. नांगरटीत ओढलेल्या आणि दगडांनी भरून नेलेल्या जीपच्या अंगावर अशा पट्ट्या पुष्कळ असतात.

वाक डोळ्यांनी दिसत नाही, तो मोजावा लागतो. येथे शेताच्या मोजणीची रीतच उपयोगी पडते. गाडी सपाट फरशीवर उभी करावी. पुढील पाट्यांचे स्थिर बोल्ट दोन आणि मागील पाट्यांचे दोन, अशा चार ठिकाणांहून ओळंबा सोडून खाली खडूने खुणा कराव्यात. गाडी ढकलून बाजूस घ्यावी आणि खुणांमधील दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. चौकोनी शेताचे समोरासमोरचे बांध सारखे असून कर्ण विषम आले, तर शेत तिरके आहे हे जसे कळते, तसेच येथे कळते. पाव इंचापर्यंतचा फरक मापण्याच्या चुकीत जाईल. अधिक आढळल्यास गाडी कधी तरी आदळलेली किंवा उलटलेली आहे. तिचे टायर एका अंगाने झिजत राहतील आणि ती सरळ चालणार नाही. ह्या कामास अर्धा तास लागतो. विकणारा घाई करू लागला तर दोनदा मोजावे.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगतो. हात लावून ते थंड आहे अशी खात्री करावी. आधीच तापवून ठेवलेले असेल तर थंडीतले दुखणे लपवले आहे. तेलकाडी काढून पाहावी. तेल ताकासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे इंधन अधिक, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा म्हणजे पाणी जळते. ब्रेकच्या पायपट्टीवर मिनिटभर पाय दाबून धरावा. ती हळूहळू खाली जाऊ लागली तर चाचणीसाठी गाडी रस्त्यावर काढू नये. जीपचा पुढील चाकांचा गिअर पडतो काय ते पाहावे, कारण पुष्कळ जीपांचा पुढचा शाफ्ट काढून विकून टाकलेला असतो. इंजिन जाम असले तरी आम्ही हात आखडणार नाही. वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांमुळे लेथवरचे व बोअरिंगचे काम जाणणारे कारागीर आपल्या शहरात आहेत, आणि जाम इंजिनाची गाडी स्वस्त मिळते.

पेट्रोलच्या गाडीसंबंधी उसवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या उसापासून झालेले इथेनॉल हल्ली पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. ते कारखान्यास बरे आणि आपल्या बिलासही बरे, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व बुचे ह्यांस ते मानवत नाही, आणि ते पाणी शोषून घेत असल्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. टाकीचे झाकण उघडून बॅटरीने आत पाहावे. नळ्या, पंपाचा पडदा व कार्बुरेटरचे किट बदलण्याचा खर्च धरूनच चालावे.

एक चूक मात्र सर्वत्र होते. पिस्टन आणि रिंगा मिळतील, पण फियाटची मूळ दारमूठ, पुढच्या जाळीची चकचकीत पट्टी, काचेचा मूळ दिवा, घड्याळांची पाटी ही मिळता मिळत नाहीत. तेव्हा काय मोडले आहे ह्यापेक्षा काय नाहीसे झाले आहे ह्याची यादी करावी. माडीवर वा कणगीमागे काढून ठेवलेले भाग आहेत काय, हे घरातील वडीलधाऱ्या बाईंस विचारावे. पुरुषांस ते ठाऊक नसते.

यादी झाली की पत्र्याच्या, इंजिनाच्या आणि तारांच्या कारागिराकडून निरनिराळा आकार लिहून घ्यावा, त्यात कर व शुल्क मिळवावे, आणि मग किंमत बोलावी. सौदा ठरल्यास विसार थोडाच द्यावा आणि पावतीत लिहून घ्यावे की वारसाची नोंद, बोजाची कमी आणि क्रमांकांची पडताळणी विकणाऱ्याने करून द्यावयाची, न झाल्यास विसार परत. उरलेली रक्कम नमुना २९ व ३० वर सह्या झाल्यावाचून देऊ नये. कित्येक वर्षे उभी असलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणू नये. ब्रेक लागत नाहीत आणि चाकांच्या बेअरिंगांतील ग्रीस वाळून गेलेले असते. ती टेंपोत चढवून आणावी, सुटे भाग पोत्यात भरून बरोबर घ्यावेत, आणि त्यांच्या यादीवर विकणाऱ्याची सही निघण्यापूर्वीच घ्यावी.